राक्षसाने थांबायचं असतं

पाणीपुरवठा खात्यातल्या थोडक्यातरावांना आयुष्यात एकदा तरी एक बोलणं शेवटपर्यंत बोलायचं होतं. मागणी तशी फार मोठी नव्हती. बढती नको, बदली नको, खिडकीजवळची खुर्चीसुद्धा नको. तोंड उघडावं, विषयाला शोभेल अशी थोडी पार्श्वभूमी द्यावी, मग मुद्दा, मग मुद्द्यावरचं स्वतःचं मत, आणि पूर्णविराम. एवढंच. पण समोरचा माणूस पार्श्वभूमीतच हात वर करून म्हणायचा, "थोडक्यात सांगा." साहेब म्हणायचे, शिपाई म्हणायचा, आणि तक्रार घेऊन आलेला माणूस, ज्याला खरं तर ऐकण्याची गरज होती, तोसुद्धा म्हणायचा. त्यावरूनच हे नाव पडलं. ते किती चुकीचं आहे हे समजावून सांगायला ते एकदा उभे राहिले होते, तेव्हा सगळी खोली एका सुरात म्हणाली, "थोडक्यात." त्या दिवसापासून त्यांनी नावाचा विषय सोडून दिला.

घरी तर याहून वाईट. त्यांची बायको एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसायची. लोक खिडकीत डोकं घालून "अहो, माझ्या मावशीला काल" एवढं म्हणेपर्यंत ही सांगून मोकळी, "दुसरा मजला, डावीकडे." आणि मावशी दुसऱ्या मजल्यावर डावीकडेच असायची. तीच सवय घरी. "अगं, आज साहेबांनी मला बोलावून..." "रजा नाकारली. हातपाय धुऊन घ्या." आणि साहेबांनी रजा नाकारलेलीच असायची. मधेच तोडून चुकीचं बोलणारा माणूस एक वेळ परवडला, पण मधेच तोडून बरोबर बोलणाऱ्याशी भांडायचं कोणत्या तोंडाने, असा थोडक्यातरावांचा सवाल होता. तोही त्यांना कधी पुरता विचारता आला नव्हता.

अशा माणसाला एका दुपारी, डबा खाताना, मोबाईलवर एक जपानी मालिका सापडली. भाषा कळत नव्हती, पण कळण्यासारखं सगळं कळत होतं. गावात राक्षस येतो, मोडतोड करतो. मग एक साधासुधा माणूस पुढे येतो, पाय फाकवून उभा राहतो, हात असे गोल फिरवतो. कमरेच्या पट्ट्यातलं चक्र फिरतं, अंगावर चिलखत चढतं, डोक्यावर मोठाल्या डोळ्यांचं शिरस्त्राण बसतं, आणि मग तो आपली ओळख सांगतो. सावकाश सांगतो. मी कोण, कशासाठी आलो, माझं ब्रीद काय, माझ्या लाथेचं नाव काय. आणि तेवढा वेळ तो राक्षस काय करतो? थांबतो. एवढा मोठा शिंगंवाला राक्षस, मनात आणलं तर एका फटक्यात काम तमाम करील, पण तो थांबतो. थोडे हात हलवतो, थोडं गुरगुरतो, पण "थोडक्यात" म्हणत नाही.

थोडक्यातरावांनी डब्याचं झाकण लावलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. "याला म्हणतात संस्कार," ते शेजारच्या टेबलाकडे पाहून म्हणाले. शेजारच्या टेबलाने कशाला म्हणतात हे विचारलं नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी पाणीबचत सप्ताहाची बैठक बोलावली. मुलांना आवडेल असं काहीतरी हवं होतं. थोडक्यातराव उठले. "साहेब, मला असं वाटतं, की आपण आपल्या खात्याचा स्वतःचा, नवा कोरा, जपानी पद्धतीचा..."

"जपानी पद्धत. छान. करा," साहेब म्हणाले, आणि बैठक चहाच्या कपांच्या विषयाकडे वळली.

वाक्य अर्धंच मंजूर झालं होतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही. मंजुरीचा आनंद मोठा असतो. ते घरी आले ते चालत नव्हे, तरंगत आले. वाटेतच नायकाचं नाव ठरलं, निळा थेंब. गळतीचा वैरी. मुख्य शस्त्र, हवेतून मारलेली लाथ. लाथेचं नाव, मुख्य जलवाहिनी. आणि भूमिका करणार कोण, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ओळख जो सांगणार, तोच निळा थेंब.

"अहो, आज खिडकीत एक आजोबा आले होते," बायको ताट वाढताना म्हणाली.

"हो हो, सांग नंतर. आपली चहाची गाळणी किती आहेत? मला डोळ्यांसाठी दोन लागतील."

गाळणी दोनच होती. दुसऱ्या दिवसापासून घरात चहा फडक्यातून गाळला जाऊ लागला, आणि तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत थांबलं नाही.

निळ्या थेंबाला निळं कापड हवं, हे कोणालाही पटेल. भांडारपालाला पटलं नाही. निळं कापड साहेबांच्या पडद्यांसाठी राखीव होतं. शिल्लक होतं ते रस्ता खोदणाऱ्या कामगारांच्या जाकिटांचं, झगझगीत नारिंगी. "नाव बदला," भांडारपालाने सुचवलं. नाव बदलायचं? ज्या माणसाचं स्वतःचं नाव लोकांनी बदललं, त्याने आपल्या हाताने घडवलेल्या वीराचं नाव कापडासाठी बदलायचं? थोडक्यातरावांनी बाणेदारपणे नकार दिला आणि नारिंगी कापड घेतलं. शिरस्त्राणासाठी खोदकामवाल्यांचाच टोप मिळाला. त्यावर गाळणी बसवली तेव्हा ते जपानी वीराच्या इतकं जवळ गेलं, की स्वतः भांडारपालानेही ते एकदा डोक्यावर घालून पाहिलं.

खरा घोळ पट्ट्याचा झाला. जपानी वीराच्या पट्ट्यात चक्र फिरतं. पाणीपुरवठा खात्याच्या वीराच्या पट्ट्यात काय फिरावं? पाण्याचा मीटर. ही कल्पना सुचली तेव्हा थोडक्यातरावांना स्वतःचाच हेवा वाटला.

"मीटर असा सुटा देता येत नाही," भांडारपाल म्हणाला. "कुठल्यातरी घरावर चढवावा लागतो."

"अहो, तो कमरेला लावायचा आहे."

"कमरेला पत्ता असतो का?"

कमरेला पत्ता नव्हता. तास-दीड तास वाद झाला आणि शेवटी थोडक्यातरावांनी, कलेसाठी माणूस काय करत नाही, त्या मीटरला स्वतःच्या घराचा पत्ता दिला. कागदोपत्री त्यांच्या घरात आता दोन मीटर झाले. एक भिंतीवर, एक पोटावर.

राक्षस शोधावा लागला नाही, तो शेजारीच राहत होता. शेजारचे निवृत्त मास्तर जन्मभर गणित शिकवून दमले नव्हते. देह भरदार, आवाज जिन्याच्या तळापर्यंत जाणारा. त्यांच्यासाठी जुन्या गाद्यांच्या फोमचा अंगरखा शिवला, त्याला जागोजागी रबरी नळ्या आणि खराब तोट्या टाचल्या, वर फोमचंच डोकं. गळका राक्षस. पोशाख मास्तरांना आवडला. अडलं ते भूमिकेवर.

गच्चीवर पहिली तालीम झाली. थोडक्यातरावांनी पाय फाकवले, हात गोल फिरवले, आणि "मी निळा थेंब" एवढं म्हणताच मास्तरांनी त्यांना ढकललं.

"मास्तर, थांबायचं असतं."

"का?"

"माझी ओळख व्हायची आहे."

"शत्रू हात फिरवत उभा असताना मी थांबू? मग मी राक्षस कसला? मला कारण सांगा."

"राक्षसाने थांबायचं असतं. ती रीत आहे."

"रीत हे कारण नव्हे," मास्तर म्हणाले. "मी चाळीस वर्षं मुलांना हेच सांगितलं."

रोज हाच तमाशा. मास्तर कधी "मी निळा" वर ढकलायचे, कधी "गळतीचा" वर. एकदा "टाकीचा राखणदार" पर्यंत मजल गेली, पण तेव्हा मास्तरांना शिंक आली होती. गच्चीवर कपडे वाळत घालायला येणारे लोकही आपलं मत देऊ लागले. कोणी म्हणे, राक्षसाने तेवढ्यात पळून जावं. कोणी म्हणे, ओळख आधीच छापून वाटा, म्हणजे वेळ वाचेल. एक दिवस साहेब स्वतः पाहणीला आले आणि राक्षसाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा नुसता उभा का? मोकळा माणूस दिसला की वरून विचारणा होते. त्याच्या हातात एखादी फाईल द्या." राक्षसाच्या हातात फाईल. थोडक्यातरावांचा संताप असा, की तो व्यक्त करायला किमान पाऊण तास लागला असता, आणि पाऊण तास कोण देणार?

घरी ते रोज सकाळी कपाटाच्या आरशासमोर सराव करायचे.

"मी निळा थेंब. गळतीचा वैरी, टाकीचा..."

"राखणदार," स्वयंपाकघरातून आवाज यायचा. "आंघोळीला जा. पाणी जाईल." आणि पाणी जायचं. मग डबा भरता भरता ती म्हणायची, "अहो, ते आजोबा, मी म्हटलं नव्हतं का," आणि हे म्हणायचे, "एक मिनिट, माझा पट्टा कुठे ठेवलास?" पट्टा कमरेलाच असायचा.

कार्यक्रमाला तीन-चार दिवस असताना निमंत्रणपत्रिका हातात पडली. तीवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'जपानी पद्धतीने पाणीबचत, तज्ज्ञांचे मार्गदर्शन'. पत्रिका आसपासच्या सगळ्या गावांच्या पाणी खात्यांना गेली होती. थोडक्यातराव धावत साहेबांकडे गेले. "साहेब, यात तज्ज्ञ कोणी नाही, हा एक..."

"विनय पुरे," साहेब म्हणाले. "तुम्हीच बोला. फक्त थोडक्यात."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ते पूर्ण पोशाखात निघायच्या तयारीत होते. बायको केव्हाच कामावर गेली होती. दार वाजलं. दारात त्यांच्याच खात्याचा फिटर, खांद्यावर पाना.

"या घरावर दोन मीटर आहेत," तो म्हणाला. "दुसरा दाखवा."

थोडक्यातरावांनी पोट पुढे केलं. फिटरने वाकून आकडा वाचला. शून्य होता.

"म्हणजे मीटर आहे, पण पाणी त्यातून जात नाही. संशयास्पद जोडणी."

"अरे बाबा, ऐक. आपल्या खात्याच्या सप्ताहासाठी मी जपानी..."

"सप्ताहामुळेच आलोय. अशा जोडण्या आजपासून तोडायच्या, वरून हुकूम आहे." आणि त्याने खाली जाऊन, पाणीपुरवठा खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाचं पाणी, त्याच माणसाच्या डोळ्यांदेखत, त्याच माणसाच्या खात्याच्या पान्याने तोडलं. निळा थेंब जिन्यात उभा राहून पाहत होता. त्याच्या घरात थेंब नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक, पण मास्तरांचं पाणी त्याच नळीतून पुढे जात होतं. मास्तर तेव्हा अंगाला साबण लावून बसले होते. ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि जे बोलले ते गणिताच्या कोणत्याही पुस्तकात नाही. थोडक्यातराव मीटरची पार्श्वभूमी सांगू लागले. "थोडक्यात सांगा, पाणी कधी येणार?" मास्तर गरजले. हे थोडक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं. "मग शोधा दुसरा राक्षस," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं. फोमचा अंगरखा डोक्यावर घेऊन थोडक्यातराव सभागृहात पोचले.

सभागृह गच्च भरलं होतं. मागे शाळांची मुलं. पुढच्या तीन रांगांत गावोगावचे अभियंते, मांडीवर वह्या, हातात पेन, जपानी तज्ज्ञांची वाट पाहत. आणि अंगाचा साबण कसाबसा पुसून मास्तरही येऊन बसले होते, मदतीला नव्हे, फजिती बघायला. पडद्यामागे थोडक्यातराव एका खुर्चीवर बसले. भांडारपालाला विचारलं, त्याने पाठीचं दुखणं सांगितलं. शिपायाने राक्षस होण्याचा भत्ता मिळतो का ते विचारलं. थोडक्यातरावांच्या लक्षात आलं, की आज राक्षस नाही, म्हणून थांबणारं कोणी नाही, म्हणून ओळख नाही. आजही नाही. त्यांना खरोखर रडू आलं आणि गाळण्यांतून ते पुसताही येईना.

तेवढ्यात बायको आली. मास्तरांनी तिला इस्पितळात फोन केला होता. त्यांनी "वहिनी, तुमच्या यजमानांनी आज" एवढं म्हणेपर्यंत तिला सगळं कळलं होतं, आणि ती अर्धी रजा टाकून भांडायलाच निघाली होती. पदर खोचलेला होता. पण समोर नारिंगी कपड्यांतला, चहाच्या गाळण्यांमागे डोळे मिचकावणारा नवरा पाहून ती भांडायचं विसरली. तिने बाजूला पडलेला फोम पाहिला.

"अगं, मास्तरांनी आयत्या वेळी..."

"कळलं. तो अंगरखा इकडे द्या."

"पण राक्षसाने काय करायचं असतं, ते तुला आधी नीट..."

"थांबायचं असतं," ती फोमच्या बाहीत हात घालत म्हणाली. "रोज गच्चीवरून ऐकू येतं."

पडदा उघडला. मुलांनी राक्षसाला पाहून आरडाओरडा केला, अभियंत्यांनी वह्या उघडल्या. निळा थेंब नारिंगी रंगात पुढे आला, त्याने पाय फाकवले, हात गोल फिरवले. बोटाने ढकलताच मीटरचा काटा फिरला.

"मी निळा थेंब," थोडक्यातराव म्हणाले, आणि सवयीने थांबले. कोणी ढकललं नाही. गळका राक्षस समोर उभा होता. तोट्या किंचित हलत होत्या. "गळतीचा वैरी. टाकीचा राखणदार." याच्या पुढे तर जगात कोणीही त्यांना जाऊ दिलं नव्हतं. पुढचे शब्द आरशाबाहेर कधी निघालेच नव्हते. "जिथे वॉशर झिजतो, तिथे मी असतो. जिथे नळ रात्रंदिवस टिपकतो आणि घरातलं कोणी उठत नाही, तिथे मी उठतो."

"आटपा," पहिल्या रांगेतून साहेबांचा आवाज आला. "थोडक्यात घ्या. जपानी पद्धतीवर या."

राक्षस वळला. राक्षसाने फोमचा भलामोठा हात साहेबांच्या दिशेने वर केला, आणि चौकशीच्या खिडकीतल्या आवाजात, ज्या आवाजापुढे बड्या बड्या डॉक्टरांचीही मात्रा चालत नसे, म्हणाला, "त्यांचं व्हायचंय अजून. रांगेत बसा."

साहेब बसले. म्हणजे ते बसलेलेच होते, पण आणखी बसले. राक्षस पुन्हा निळ्या थेंबाकडे वळला आणि थांबला.

थोडक्यातरावांनी सगळं सांगितलं. ब्रीद सांगितलं, ब्रीदामागची पार्श्वभूमी सांगितली, टाकीपासून तोटीपर्यंत पाणी कुठे कुठे वाया जातं ते सांगितलं, त्यावरचं स्वतःचं मत सांगितलं, एका पत्त्यावर दोन मीटर का असू शकतात हेही सांगितलं, आणि लाथेचं नाव सांगून पूर्णविराम दिला. अभियंते भराभर लिहून घेत होते. मग थोडक्यातरावांनी स्टुलावरून उडी मारून मुख्य जलवाहिनी मारली. ती राक्षसाला लागली नाही. ते फोममध्ये तोंड घालून पडले, राक्षस त्यांच्यावर पडला, टोप घरंगळत अभियंत्यांच्या पायाशी गेला, आणि मुलांनी राक्षस जिंकला म्हणून टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूला मास्तर शेजाऱ्याला समजावत होते, की राक्षस थांबला हे तर्काला धरून नाही. थोडक्यातरावांना त्याचं काही वाटलं नाही. पाठ मात्र दुखत होती.

संध्याकाळी दोघं घरी आली तेव्हा नळ कोरडेच होते. अंगरख्याची चेन अडकली होती, त्यामुळे बायको गळक्या राक्षसाच्या रूपातच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. फोमचं डोकं तिने टेबलावर ठेवलं. माठातलं उरलेलं पाणी दोघांनी अर्धं अर्धं प्यायलं.

"बघितलंस ना," थोडक्यातराव म्हणाले, "मी म्हणत होतो, की माणसाला जर..."

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"माहीत आहे, पाण्याचं. उद्या सकाळी मी खात्यात जाऊन..."

ती नुसती बघत राहिली. थोडक्यातरावांनी तोंड मिटलं. मग, काय करावं ते न सुचून, त्यांनी पाय जुळवले, हात अंगाशी सोडले आणि ते उभे राहिले.

"ते आजोबा," ती म्हणाली. "रोज यायचे. बायको दुसऱ्या मजल्यावर होती त्यांची. रोज विचारायचे, रोज मी सांगायचे." थोडक्यातरावांना विचारायचं होतं, की रोज कसं विसरायचे. त्यांनी विचारलं नाही. "तुम्ही गाळणी मागितलीत, त्या दिवशी आले. मी सवयीने म्हटलं, दुसरा मजला, डावीकडे. तर म्हणाले, नाही बाई, आज विचारायला नाही, सांगायला आलोय." थोडक्यातरावांना म्हणायचं होतं, की अगं, ती बरी झाली असेल. ओठांपर्यंत आलं होतं. जीभ दाताखाली धरून ते उभे राहिले. राक्षसाचं काम इतकं अवघड असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. "मागे रांग होती. लोक म्हणाले आटपा, आटपा. कोणीतरी त्यांना बाजूला सारलं. मी रांग संपवून पाहिलं तर ते गेले होते. काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. चांगलं की वाईट, तेही कळलं नाही. तेव्हापासून मी रोज दाराकडे..."

दारावर थाप पडली. दार उघडंच होतं. उंबऱ्यात मास्तर, हातात रिकामी बादली. "थोडक्यातराव, मला फक्त एका शब्दात सांगा..."

थोडक्यातरावांनी मागे वळून न पाहता हात वर केला. मास्तरांनी त्या हाताकडे पाहिलं, खुर्चीतल्या राक्षसाकडे पाहिलं, आणि बादली हळूच खाली ठेवली.

"हं," थोडक्यातराव बायकोला म्हणाले. "रोज दाराकडे?"